बाळ घरी गेलं. आता आईचं नेमकं काय मोजायचं?

पेट झाली, गाईड मिळाले, आता सिनॉप्सिस लिहायचाय आणि विषय साधारण ठरलाय: अपुऱ्या दिवसांची बाळं आणि त्यांच्या माता. गेल्या काही दिवसांत अशा बऱ्याच जणींनी मला गाठलं. बहुतेक नर्सिंगच्या, दोघी-तिघी समाजकार्याच्या. शीर्षक सगळ्यांचं जवळपास एकच. "अमुक रुग्णालयातील अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या मातांच्या ज्ञानावर नियोजित शिक्षण कार्यक्रमाची परिणामकारकता." मला हसू आलं नाही, कारण माझंही पहिलं शीर्षक हेच होतं. तेव्हा ते मी का सोडलं आणि त्या जागी काय आलं, हे आज सांगते. उदाहरणं सातारा-सांगलीची घेते, कारण माझं काम तिथलं आहे. पण अडचण तुमच्या जिल्ह्यातही थोड्या फरकानं हीच असेल.

आधी शब्द जुळवून घेऊ. ३७ आठवडे पूर्ण होण्याआधी जन्मलेलं बाळ म्हणजे अपुऱ्या दिवसांचं. ३२ ते ३७ मधली बाळं सर्वांत जास्त, २८ ते ३२ मधली कमी, आणि २८ च्या आतली फारच थोडी पण सर्वांत नाजूक. २०२० मध्ये जगात अशी सुमारे १ कोटी ३४ लाख बाळं जन्मली, त्यांतली ३० लाखांच्या आसपास एकट्या भारतात. ती ज्या कक्षात ठेवतात त्याला सरकारी भाषेत एसएनसीयू, नवजात बाळांचा विशेष काळजी कक्ष. आपल्याकडे गावात त्याचं नाव साधं आहे: काच. "बाळाला काचंत ठिवलंय" म्हटलं की पुढचं कुणी विचारत नाही.

ज्ञान वाढलं, मग?

ज्ञानावरचा अभ्यास कसा चालतो ते तुम्हाला माहीत आहे. वॉर्डातल्या साठ माता घ्यायच्या. प्रश्नावली भरून घ्यायची. मग कांगारू पद्धत, अंगावरचं दूध, हात धुणं, धोक्याची लक्षणं यावर चाळीस मिनिटं शिकवायचं, फ्लिपचार्ट दाखवायचा. सातव्या दिवशी तीच प्रश्नावली पुन्हा. गुण वाढतात, टी-टेस्ट लावली की पी ०.०५ च्या खाली येतो, प्रबंध बांधायला जातो.

गुण वाढणारच हो! जे शिकवलं तेच विचारलं, आठवड्याच्या आत विचारलं आणि जिनं शिकवलं तिनंच विचारलं. शिवाय नियंत्रण गट नाही. त्या सात दिवसांत तीच आई मातांच्या खोलीत इतर आयांबरोबर बसते, सिस्टर कशा करतात ते बघते, दर दोन तासांनी दूध काढते. तुम्ही काही शिकवलं नसतं तरी ती शिकली असतीच. हा अभ्यास खोटा नाही, पण त्यातून कळतं फारच थोडं. आणि जे कळतं ते सगळं डिस्चार्जच्या अलीकडचं.

आता एक आई डोळ्यांसमोर आणा. ही खरी कुणी नाही, प्रश्न समजावा म्हणून मी जुळवली आहे. माहेर शिराळा तालुक्यात, म्हणजे सांगली जिल्हा. सासर पाटण तालुक्यात, म्हणजे सातारा जिल्हा. नवरा मुंबईत कामाला. पहिली खेप म्हणून सातव्यात माहेरी आणली. ३१ व्या आठवड्यात अचानक कळा सुरू झाल्या. शिराळ्याहून मोठा दवाखाना म्हणजे कराड, म्हणून कराडला नेली. बाळ १३८० ग्रॅमचं. काचेत २४ दिवस. घरी सोडताना वजन १६२० ग्रॅम. आपल्या प्रश्नावलीत या आईला २० पैकी १८ गुण. अगदी हुशार आई.

घरी काय होतं बघा. बाळ जितका जास्त वेळ छातीला धरता येईल तितकं चांगलं, हे तिला पाठ आहे. पण तिच्या आईला सकाळी भांगलायला जायचं असतं, घरात आजारी वडील, भावजय नोकरीला. मग भाकरी कुणी करायची? आणि आजी म्हणते, "एवढ्या बारक्या जिवाला छातीला बांधून ठिवतीस, गुदमरंल की गं." टाळूवर तेल, धुरी, घुटी, सगळं ठरवणारं माणूस दुसरंच. तिला उत्तरं येतात. घरात तिला कुणी प्रश्न विचारत नाही, एवढंच.

माझा विषय बदलला तो इथे. ज्ञान तिच्याकडे आहे, आधार नाही. आणि आपण मोजतो ज्ञान.

ही आई कुणाच्या यादीत आहे?

२०११ पासून देशभर 'घरच्या घरी नवजात बाळाची काळजी' हा कार्यक्रम आहे. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी येतात. बाळाचं वजन घेतात, ताप बघतात, श्वास मोजतात, पाजणं बघतात. काचेतून सुटलेल्या आणि कमी वजनाच्या बाळांसाठी त्यापुढेही जादा भेटींची तरतूद आहे. पुढे ३ महिन्यांपासून १५ महिन्यांपर्यंत, २०१८ च्या दुसऱ्या कार्यक्रमातल्या पाच तिमाही भेटी वेगळ्या.

कागदावर हे उत्तम आहे. आता आपली आई यात बसवून बघा. पहिले २४ दिवस बाळ घरी नाहीच, म्हणजे पहिल्या चार भेटींच्या तारखा काचेत गेल्या. तिची गरोदरपणातली नोंद पाटणच्या उपकेंद्रात. बाळाचा जन्म कराडचा. आई आणि बाळ आत्ता शिराळ्यात. पाटणच्या आशाताईंच्या दृष्टीनं ती 'माहेरी गेली', शिराळ्याच्या आशाताईंच्या दृष्टीनं ती 'बाहेरची'. दोघीही आपापलं काम चोख करत असल्या तरी हे घर दोघींच्या मधे पडू शकतं. आणि मधे जिल्ह्याची हद्द आहे, म्हणजे ज्या आढावा बैठकीत हे लक्षात यायला हवं त्या बैठकाही दोन. दोन महिन्यांनी ती सासरी जाईल तेव्हा सगळं उलट फिरेल.

सातारा-सांगलीत हे सारखं घडण्यासारखं आहे, कारण कृष्णा-कोयनेच्या खोऱ्यात सोयरीक जिल्हा बघून होत नाही आणि दवाखानाही जिल्हा बघून निवडत नाहीत. वाळवा-शिराळ्याची माणसं कराडला जातात. जत, आटपाडी, कवठे महांकाळची मिरज-सांगलीला. मिरज तर डॉ. वॉनलेसांनी १८९४ मध्ये दवाखाना काढला तेव्हापासून लांबलांबच्या रुग्णांचं गाव आहे. त्यात गळीत हंगामात बीडकडून आलेले ऊसतोड मजूर धरा. कोपीत राहणाऱ्या बाईचं बाळ अपुऱ्या दिवसांचं झालं तर तिची नोंद बीडला, कोपी कारखान्याच्या हद्दीत, आणि फड संपला की कोपीही हलणार. तिच्यावर वेगळा प्रबंध व्हायला हवा. कुणी घेतला तर मला आनंद होईल.

या मधल्या फटीत काय पडतं याचं एकच उदाहरण देते: डोळे. राष्ट्रीय मार्गदर्शिकेनुसार ३४ आठवड्यांच्या आत जन्मलेल्या किंवा २००० ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या बाळाचा डोळ्यांचा पडदा जन्मानंतर ३० दिवसांच्या आत तपासायचा असतो. फारच लहान बाळांचा त्याही आधी. पडद्याच्या रक्तवाहिन्या नीट वाढल्या नाहीत तर दृष्टी जाऊ शकते, आणि वेळेत लक्षात आलं तर लेझरनं वाचवताही येते. बाळ वरून छान दिसतं, दूध पितं, वजन वाढतं. आईला काही खटकायचं कारणच नाही. २४ व्या दिवशी घरी सोडलेल्या बाळाला ही तारीख यायला सहा दिवस उरतात. जतहून सांगली-मिरज ८०-९० किलोमीटर, बाळंतीण अजून ओली, गाडीचं भाडं, आणि घरातून "आत्ताच तर आणलंय, परत कशाला?" हे सगळं ओलांडून ती जाते की नाही, हे 'डोळ्यांची तपासणी कधी करावी' या प्रश्नाच्या बरोबर उत्तरावरून कळत नाही. म्हणून माझ्या फॉर्ममध्ये तो ज्ञानाचा प्रश्न नाही. तिथे 'तपासणी झाली का, कुठे, कितव्या दिवशी, बरोबर कोण आलं, खर्च किती' हे आहे. शेवटचे दोन रकाने मी बऱ्याच उशिरा घातले. आधार मोजायचे रकाने खरं तर तेच.

आधी झालेलं काम कसं वाचायचं

साहित्य आढावा म्हणजे पन्नास अभ्यासांची नावं एकाखाली एक लिहिणं नव्हे. तीनच घ्या, पण आतून वाचा.

पहिला आपल्याच राज्यातला, गडचिरोलीचा. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं १९९३ ते १९९८ मध्ये केलेला. ३९ गावांत गावातल्याच बायकांना नवजात बाळाची काळजी शिकवून घरोघरी पाठवलं, ४७ गावांत नेहमीचीच सेवा राहिली. हस्तक्षेपाच्या गावांत नवजात मृत्युदर हजारी ६२ वरून साधारण २५ वर आला, तुलनेच्या गावांत तो जवळपास तिथेच राहिला. १९९९ मध्ये हे 'लॅन्सेट'मध्ये आलं. आशाताईंच्या आजच्या घरभेटींचं मूळ इथे आहे. वाचताना दोन गोष्टी टिपा. एक, गावांची वाटणी यादृच्छिक नव्हती, शेजारशेजारचे दोन भाग तुलनेला घेतले होते. दोन, त्या काळी तिथली बहुतेक बाळंतपणं घरी होत. आज सातारा-सांगलीत ती दवाखान्यात होतात. म्हणजे आपला प्रश्न दवाखान्यापर्यंत पोचण्याचा उरला नाही, दवाखान्यातून परतल्यानंतरचा आहे. त्यामुळे गडचिरोलीचा आकडा इथे जसाच्या तसा आणता येत नाही. 'गावातली बाई, वारंवार घरी, हातात वजनकाटा' ही कल्पना मात्र आणता येते.

दुसरा हरियाणाचा, २०१९ चा, तोही 'लॅन्सेट'मध्ये. यात १५०० ते २२५० ग्रॅमची ८४०२ बाळं. अर्ध्याहून जरा जास्त बाळांच्या घरी कार्यकर्त्या जाऊन कांगारू पद्धत सुरू करून देत आणि महिनाभर आधाराला येत. २८ दिवसांपर्यंतचे मृत्यू ३० टक्क्यांनी कमी झाले, १८० दिवसांपर्यंतचे २५ टक्क्यांनी. फार मोठा परिणाम. सिनॉप्सिसमध्ये हा अभ्यास हमखास येतो, आणि पुढचं वाक्य असतं, "म्हणून डिस्चार्जनंतर कांगारू पद्धतीनं मृत्यू ३० टक्के कमी होतील."

थांबा. कुणाला वगळलं होतं ते वाचलंत का? दूध पिऊ न शकणारी, श्वासाचा त्रास असलेली, नीट हालचाल न करणारी बाळं त्यात घेतली नव्हती. दवाखान्यातच कांगारू पद्धत सुरू झालेली बाळंही नव्हती. १५०० ग्रॅमच्या खालची तर नव्हतीच. आपली १३८० ग्रॅमची, चोवीस दिवस काचेत राहिलेली मुलगी या अभ्यासात शिरूच शकली नसती! तिच्यासारख्यांसाठी दुसरा पुरावा आहे. २०२१ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल'मध्ये आलेल्या पाच देशांच्या चाचणीत, त्यात भारतही होता, १००० ते १७९९ ग्रॅमच्या बाळांना जन्मल्याबरोबर आईच्या छातीशी ठेवलं तर मृत्यू सुमारे २५ टक्क्यांनी कमी झाले. पण ती चाचणी दवाखान्यातली, घरातली नाही. तर बघा, एक पुरावा घरातल्या पण तुलनेनं तब्येतीनं बऱ्या बाळांचा, दुसरा नाजूक पण दवाखान्यातल्या बाळांचा. नाजूक बाळ घरी गेल्यावर काय, ही जागा दोन्हींच्या मधली. तुमचा संशोधनाचा प्रश्न अशाच जागेत सापडतो. म्हणून निष्कर्षाआधी वगळण्याचे निकष वाचायची सवय लावून घ्या.

हरियाणाच्या अभ्यासात आणखी एक गोष्ट आहे, जी फारसं कुणी उद्धृत करत नाही. हस्तक्षेप गटातल्या बाळांना दिवसाला सरासरी ११ तासांहून जास्त वेळ त्वचेला त्वचा मिळाली. अकरा तास! कुणाच्या तरी घरात त्या अकरा तासांतली धुणी, भांडी, स्वयंपाक, पाणी कुणीतरी दुसऱ्यानं केलं असणार. कांगारू पद्धत आईनंच करायला हवी असंही नाही, वडील, आजी, मावशी कुणीही बाळ छातीशी घेऊ शकतं. ऐकायला हे 'टीप' वाटतं, पण घरातलं काम कुणाकडे जातं हा त्याच्या पोटातला प्रश्न आहे. याच अभ्यासातल्या मातांच्या एका गटाची मानसिक तपासणीही झाली. कांगारू गटात मध्यम ते तीव्र नैराश्याची लक्षणं कमी आढळली. छातीशी बाळ असण्याचा हा परिणाम, की दर थोड्या दिवसांनी कुणीतरी घरी येऊन "तू कशी आहेस?" विचारण्याचा? त्या रचनेत हे दोन वेगळे करता येत नाहीत. आता दिसला ना एक प्रबंध?

तिसरा गोव्याचा. तिथल्या एका जिल्हा रुग्णालयातल्या मातांचा अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. बाळंतपणानंतर ६ ते ८ आठवड्यांनी २३ टक्के मातांना नैराश्य होतं. गरिबी, नवऱ्याची मारहाण, आणि मुलगी होणं, यांनी धोका वाढत होता. ही बाळं अपुऱ्या दिवसांचीच होती असं नाही, सरसकट माता होत्या. पण सातारा-सांगलीत काम करणाऱ्यानं मुलगी होण्याचा मुद्दा सोडून चालणार नाही. २०११ च्या जनगणनेत दोन्ही जिल्ह्यांत शून्य ते सहा वयोगटात हजार मुलग्यांमागे मुली ९०० पेक्षा कमी होत्या. अपुऱ्या दिवसांची मुलगी, महिनाभराचा खर्च, आणि "पुढचं कसंय?" हा प्रश्न, या तिन्हींखाली एकच आई असते. नंतर गोव्यातच 'सखी' म्हणजे शिकवून तयार केलेल्या सामान्य बायकांकडून नैराश्य असलेल्या गरोदर स्त्रियांना आधार देण्याची चाचणी झाली. २८० स्त्रिया, निष्कर्ष २०१९ चे. प्रसूतीनंतर सहा महिन्यांनी बऱ्या झालेल्यांचं प्रमाण सखींच्या गटात जास्त होतं, पण लक्षणांच्या तीव्रतेच्या सरासरीत ठाम म्हणावा असा फरक नव्हता. असा मध्यम निकाल बघून नाराज होऊ नका. मोजमाप बदललं की उत्तर कसं बदलतं हे इतकं स्वच्छ दाखवणारे अभ्यास कमी असतात.

एक फोन

आता माझी चूक. सांगायला बरं वाटत नाही, पण तुमच्याकडून तीच होऊ नये.

सुरुवातीच्या दिवसांत मला एका रुग्णालयातून डिस्चार्ज झालेल्या मातांची यादी मिळाली होती. रीतसर परवानगी होती, संमतीपत्रं होती. फॉर्म चांगला आहे का एवढंच तपासायचं होतं, म्हणून मी दुपारी एकेक फोन लावत बसले. चौथा की पाचवा नंबर. पलीकडे एका बाईंचा आवाज. मी नाव सांगितलं, आणि सरावानं पहिला प्रश्न विचारला, "बाळाचं वजन आता किती आहे, ताई?" बराच वेळ काही नाही. मग त्या म्हणाल्या, "बाळ गेलं मॅडम. आठ दिवस झालं." आणि लगेच, जणू काही मलाच अवघडायला नको म्हणून, "तुम्हाला काय म्हाईत असणार."

मी काय बोलले मला आठवत नाही. काही धड बोलले नाही एवढं नक्की. नीतिमत्ता समितीच्या फॉर्ममध्ये 'सहभागींना संभाव्य त्रास' या रकान्यात मी लिहिलं होतं: 'किमान'.

त्यानंतर पद्धत बदलली. फोनच्या आधी त्या गावच्या आशाताईंना किंवा उपकेंद्राच्या सिस्टरना विचारायचं, बाळ कसं आहे. कळलंच नाही तर पहिला प्रश्न बाळाचा नसतो, "तुम्ही कशा आहात, आत्ता बोलायला जमेल का?" हा असतो. ज्यांचं बाळ गेलं त्यांना अभ्यासातून नुसतं वगळायचं नाही. त्यांच्यासाठी स्वतंत्र, अगदी छोटी कार्यवाही लिहून समितीकडून मंजूर करून घ्यायची: कुणी बोलायचं, काय विचारायचं नाही, पुढे कुणाकडे जोडून द्यायचं. काचेतून सुटलेल्या बाळांवर काम करणाऱ्या प्रत्येकाला हे लागणारच आहे. सिनॉप्सिस लिहितानाच लिहा.

फोनचं आणखी एक. फाइलवरचा नंबर आईचा असेल असं धरू नका. बऱ्याचदा तो नवऱ्याचा असतो, आणि पाटण-जावळीकडे नवरा मुंबईत. तुम्ही फोन लावता शिराळ्याच्या आईसाठी, आणि वाजतो तो नवी मुंबईत. मी आता तीन नंबर घेते: माहेरचा, सासरचा, आणि ती स्वतः ज्याला उचलते तो. शिवाय पुढचे तीन महिने ती कुठे कुठे असेल, कधी हलेल, हेही लिहून घेते.

गळती म्हणजे कोण

हे तीन नंबर केवळ सोयीसाठी नाहीत. एक हिशेब करून बघा. आकडे समजुतीसाठी घेतलेले आहेत. १०० माता घेतल्या, दोन महिन्यांनी ८० सापडल्या. त्यांतल्या १६ जणींना नैराश्याची लक्षणं. तुम्ही लिहिणार २० टक्के. पण न सापडलेल्या २० जणी कोण? ज्या सासरी गेल्या, ज्यांचा फोन काढून घेतला, ज्यांचं बाळ पुन्हा भरती आहे किंवा गेलं, ज्यांची कोपी हलली. त्यांतल्या निम्म्यांना लक्षणं असतील तर खरा आकडा १०० मध्ये २६. म्हणजे ज्यांना आधार सर्वांत कमी त्याच आपल्या हिशेबातून निसटतात, आणि आपला निकाल जितका गोड दिसतो तितका तो नसतो. 'गळती २० टक्के धरून नमुना वाढवला' असं लिहून हा प्रश्न सुटत नाही. नमुना वाढवल्यानं तुम्हाला सापडणाऱ्याच आणखी सापडतात. गेलेल्यांबद्दल निदान एवढं तरी लिहा: तालुका, बाळाचं जन्मवजन, मुलगा की मुलगी, माहेरी की सासरी.

नैराश्यासाठी बहुतेक जण एडिनबरा मापनपट्टी घेतात. १९८७ ची, दहा प्रश्नांची, मागच्या सात दिवसांबद्दलची, एकूण गुण ० ते ३०. तिनं निदान होत नाही, पुढच्या तपासणीची गरज फक्त कळते. हे प्रबंधात प्रत्येक ठिकाणी तसंच लिहा. आणि ती घराच्या सोप्यात, सासूबाई शेजारी बसलेल्या असताना मोठ्यानं वाचून भरून घेऊ नका. "सून मजेत हाय की" हे उत्तर तुम्हाला आधीच मिळालेलं असतं. मी आधी बाळाचं वजन घेते. काट्यावर बाळ ठेवलं की घरातले सगळे गोळा होतात, बघतात, आकडा मोठ्यानं म्हणतात, आणि मग पांगतात. त्यानंतर पाजण्याच्या वेळेला आई आत जाते, तेव्हा तिच्याबरोबर आत जायचं.

दहावा प्रश्न स्वतःला इजा करून घेण्याच्या विचाराबद्दल आहे. त्याला 'नाही' सोडून काहीही उत्तर आलं तर तुम्ही संध्याकाळी डेटा एंट्री करत बसू शकत नाही. त्याच वेळी काय करायचं हे आधी ठरलेलं हवं: जिल्हा रुग्णालयातल्या मानसिक आरोग्य विभागातला कोण, प्राथमिक आरोग्य केंद्राचे डॉक्टर कोण, घरात तिच्या विश्वासाचं कोण. टेलि-मानसचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं. तो फॉर्मच्या पहिल्या पानावर छापा, शेवटच्या नाही.

रचनेबद्दल थोडक्यात, कारण हे तुमच्या गाईडशी बोलून ठरेल. एकाच वॉर्डातल्या मातांची दोन गटांत वाटणी करू नका. मातांच्या खोलीत एकीला सांगितलेलं संध्याकाळपर्यंत सगळ्यांना माहीत असतं, आणि ते चांगलंच आहे, फक्त तुमच्या तुलनेसाठी वाईट. त्यापेक्षा प्राथमिक आरोग्य केंद्रं यादृच्छिक वाटा. पण मग आई माहेरच्या केंद्रात धरायची की सासरच्या, हे आधी लिहून ठेवा. मी 'डिस्चार्जनंतर पहिली रात्र जिथे' असा नियम धरलाय. हस्तक्षेप असेल तर पहिली आई घेण्याआधी सीटीआरआयवर नोंदणी हवी. वयाचा हिशेबही आधी ठरवा. ३२ आठवड्यांचं बाळ म्हणजे आठ आठवडे आधी आलेलं, ते चार महिन्यांचं झालं तरी वाढीच्या टप्प्यांसाठी दोनच महिन्यांचं धरायचं. लसी मात्र जन्मतारखेनुसारच. शेजारणीचं त्याच महिन्यातलं बाळ मान धरतं आणि आपलं नाही, म्हणून रडणाऱ्या आईला हे एक वाक्य कुणी समजावून सांगितलं होतं का, हाही माझ्या फॉर्ममधला एक प्रश्न आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या शिफारशींत अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या काळजीबरोबर घरभेटी, कुटुंबाचा सहभाग, डिस्चार्जची तयारी, पालकांना सोबत्यांचा आधार हे सगळं आलंय. म्हणजे समितीसमोर 'आईचा आधार हा परिणाम-मापक कशाला?' असं कुणी विचारलं तर उत्तर आहे. मला विचारलं होतं. एका सरांनी असंही म्हटलं की आधार मोजता येत नाही, ज्ञान मोजता येतं. मोजता येतो, पण मोठा शब्द बारीक करावा लागतो. काल बाळ किती तास छातीशी होतं आणि कुणाच्या? त्या वेळात स्वयंपाक कुणी केला? रात्री दूध पाजायला उठल्यावर आणखी कुणी उठलं का? बाळ निळं पडलं असं वाटलं तर गाडी कोण काढेल, आणि त्याला तिनं स्वतः फोन करू शकते का? अशा चौदा प्रश्नांपर्यंत मी आलेय. बाराच ठेवायचेत, दोन कुठले काढावेत ते अजून ठरत नाहीये.

माझा प्रश्न सध्या असा आहे: सातारा आणि सांगली जिल्ह्यांत काचेतून घरी सोडलेल्या, ३४ आठवड्यांच्या आतल्या बाळांच्या मातांना, पहिली रात्र जिथे काढली त्या गावच्या आशाताईंना डिस्चार्जच्याच दिवशी निरोप गेला, तर पहिली घरभेट किती दिवसांनी होते, डोळ्यांची तपासणी ३० दिवसांत होते का, आणि दोन महिन्यांनी आई कशी असते? शीर्षकात अजून बसत नाहीये. गाईड म्हणतात लांब आहे.

पुढच्या लेखात ही चौदा वाक्यं मराठीत कशी आणली ते लिहीन. 'सपोर्ट'ला आधी मी 'सहकार्य' लिहिलं होतं, आणि पहिल्याच आईनं विचारलं, "म्हंजी दूध सोसायटीचं का?"